दुरिताचा प्रश्न आणि दोन शब्द

देव सर्वशक्तिमान आहे, तो सर्वथा चांगला आहे, आणि जगात दुरित आहे. ख्रिस्ती धर्म ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी मानतो. देवाला दुरित रोखता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसा, आणि येत असूनही तो रोखत नसेल तर चांगला कसा, असा हा पेच आहे. दुरित या शब्दात येथे दोन गोष्टी येतात. माणूस माणसाशी क्रूरपणे, कपटाने वागतो ते नैतिक दुरित. भूकंप, रोगांच्या साथी, जन्मजात व्यंग यांतून जे वाट्याला येते ते नैसर्गिक दुरित. ख्रिस्ती परंपरेने सर्वांत जास्त वेळा दिलेले उत्तर थोडक्यात असे: देवाने जग चांगलेच घडवले, माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले, माणसाने त्याचा दुरुपयोग केला आणि दुरित जगात शिरले.

या उत्तराचा पाया एका कथेच्या वाचनात आहे. कथा कशी वाचली यावर माणूस किती स्वतंत्र हे ठरले, आणि माणूस किती स्वतंत्र यावर दुरिताची जबाबदारी कोणाची हे ठरले. म्हणून शास्त्राचा अर्थ लावण्याची पद्धत, इच्छास्वातंत्र्य आणि दुरित हे तीन विषय ख्रिस्ती विचारात सुटे करता येत नाहीत. एकाला हात लावला की उरलेले दोन हलतात.

ती कथा बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या व तिसऱ्या अध्यायांत आहे. लोकांच्या मनातली कथा आणि पानावरची कथा यांत बरेच अंतर आहे. देव आदामाला एदेन बागेत ठेवतो आणि बऱ्यावाईटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाऊ नकोस असे बजावतो. साप हव्वेशी बोलतो. ती फळ खाते, नवऱ्याला देते, तोही खातो. दोघांना आपल्या नग्नतेची लाज वाटते. देव जाब विचारतो तेव्हा आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे, आणि अखेर दोघांना बागेतून बाहेर काढले जाते. साप म्हणजे सैतान, असे या कथेत कुठेही म्हटलेले नाही. फळ सफरचंदाचे होते असेही नाही. ‘पाप’ हा शब्दसुद्धा तिसऱ्या अध्यायात येत नाही. तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन आपल्या भावाच्या जिवावर उठतो त्या प्रसंगी. आदामाचा अपराध त्याच्या वंशजांच्या माथी आला, हे तर तिथे मुळीच सांगितलेले नाही. यहुदी परंपरा हीच कथा पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली, पण तिने त्यातून जन्मजात अपराधाचा सिद्धांत काढला नाही.

हव्वेच्या बाबतीत तर वाचनाची चूक स्त्रियांना फार महागात पडली. हिब्रू मजकुरात फळ खाताना नवरा तिच्यासोबत होता असे स्पष्ट सूचित आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरातून, म्हणजे व्हल्गेटमधून, हा ‘सोबत’ गळून गेला. एकटी स्त्री भुलली आणि मग तिने पुरुषाला फसवले, हे चित्र युरोपच्या प्रवचनांत शतकानुशतके रेखाटले गेले. ते मूळ कथेपेक्षा अधिक कठोर आहे.

कथेला सिद्धांताचे वळण दिले ते प्रेषित पौलाने. इ. स. ५७ च्या सुमारास रोममधील ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो आदाम आणि येशू यांना समोरासमोर उभे करतो: एकाच्या आज्ञाभंगाने पाप आणि मरण जगात आले, एकाच्या आज्ञापालनाने नीतिमत्त्व आणि जीवन आले. पौलाचे सारे लक्ष येशूवर आहे. आदाम तुलनेपुरता येतो. पण पुढच्या वाचकांनी त्या तुलनेतील पहिल्या अर्ध्या भागावर एक आख्खी इमारत उभी केली.

दुसऱ्या शतकातच शब्दशः वाचनाचा धोका दिसून आला. मार्सियन नावाच्या विचारवंताने जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, अक्षरशः वाचला. बागेत लपलेल्या आदामाला देव कुठे आहेस म्हणून विचारतो. मग तो सर्वज्ञ कसा? यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव उजेड आणि अंधार या दोहोंचेच नव्हे, तर अरिष्टाचेही कर्तृत्व स्वतःकडे घेतो. मग तो चांगला कसा? मार्सियनचा निष्कर्ष असा की जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. दुरिताचा प्रश्न असा एका फटक्यात सुटत होता, पण त्याची किंमत म्हणून निम्म्याहून अधिक बायबल टाकून द्यावे लागत होते. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. पुस्तक ठेवायचे तर ते वाचायची दुसरी रीत हवी, हे मात्र त्यामुळे सर्वांच्या लक्षात आले.

ती रीत सर्वांत नेटाने बांधली अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने (सुमारे १८५–२५३). शास्त्राला माणसासारखेच शरीर, जीव आणि आत्मा आहेत, असे तो म्हणे. वरवरचा अर्थ हे शरीर. त्याखाली नैतिक आणि त्याहून खोल आध्यात्मिक अर्थ. देवाने शेतकऱ्यासारखी झाडे लावली हे अक्षरशः घेण्याइतका भाबडा कोण असेल, असा त्याचा सवाल होता. मजकुरातील विसंगती त्याला अडचण वाटत नसे. वाचकाने थबकावे आणि खोल उतरावे म्हणूनच देवाने हे अडथळे ठेवले आहेत, असे त्याचे मत होते.

‘पहिली तत्त्वे’ या ग्रंथात इच्छास्वातंत्र्यावर लिहिताना ओरिगेनने सर्वांत अवघड जागाच हाती घेतली. ‘निर्गम’ या पुस्तकात मिसरचा राजा फारो इस्राएली गुलामांना सोडत नाही, आणि देवानेच त्याचे मन कठीण केले असे मजकूर सांगतो. मग फारोचा दोष काय? ओरिगेनचे उत्तर असे की सूर्य एकच, पण त्याच्या उष्णतेने मेण वितळते आणि चिखल कडक होतो. देवाची कृती एक. परिणाम ज्याच्या त्याच्या मनाच्या घडणीवर अवलंबून. त्या कथेत काही ठिकाणी फारोनेच आपले मन कठीण केले असेही म्हटले आहे, त्यामुळे हे वाचन मजकुराला अगदीच परके नाही. मात्र ओरिगेन इथे थांबला नाही. एक जण सुखात जन्मतो आणि दुसरा दुःखात, जुळ्या भावांपैकी एक याकोब होतो आणि दुसरा एसाव, याचे कारण त्याने जन्माआधीच्या अवस्थेत शोधले. जीव आधीपासून होते, देवापासून कमीअधिक दूर गेले, आणि त्यानुसार त्यांना देह मिळाले, असा त्याचा तर्क होता. पूर्वकर्माच्या कल्पनेत वाढलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. चर्चने ते मान्य केले नाही. सहाव्या शतकात ओरिगेनच्या मतांचा औपचारिक निषेध झाला. त्यानंतर मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती विचाराला जन्मातील विषमतेचे स्पष्टीकरण एकाच आयुष्याच्या मर्यादेत देणे भाग पडले.

त्याआधी लिऑनच्या इरेनीअसने एक वेगळी वाट दाखवली होती. त्याच्या दृष्टीने आदाम आणि हव्वा ही पूर्ण वाढलेली, परिपूर्ण माणसे नव्हती. ती लेकरांसारखी होती. त्यांची चूक कोवळ्या वयातली होती, आणि मानवजात तेव्हापासून हळूहळू प्रौढ होते आहे. या वाचनात दुःखाला शिक्षेपेक्षा शिक्षणाचे रूप येते. ही वाट पश्चिमेत फारशी चालली गेली नाही, याचे कारण उत्तर आफ्रिकेतील एक बिशप.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातील थगास्ते येथे झाला. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथाचा अनुयायी होता. हा पंथ प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादी तत्त्वे मानी. दुरित अंधारातून येते, माणसाचा आतला प्रकाश निर्दोष असतो. मानीपंथीय बायबलची टर उडवत: देवाने माणूस आपल्या प्रतिमेत घडवला तर देवाला केस आणि नखे आहेत काय? ऑगस्टीनजवळ उत्तर नव्हते. ३८४ मध्ये तो मिलानला गेला आणि तिथे बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकू लागला. अँब्रोज जुन्या कराराचे रूपकात्मक वाचन करी. अक्षरांच्या आड दुसरा अर्थ असू शकतो हे कळल्यावर ऑगस्टीनच्या वाटेतला मोठा धोंडा दूर झाला. वाचनाची पद्धत बदलली म्हणून माणसाचा धर्म बदलला, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते. ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला.

दुसरा धोंडा होता दुरिताचा. तो हटवायला प्लोटिनसचे तत्त्वज्ञान उपयोगी पडले. दुरित ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे, असे ऑगस्टीनने मांडले. आंधळेपण म्हणजे डोळ्यात घुसलेला पदार्थ नव्हे, तिथे दृष्टीच नाही. देवाने निर्माण केले ते सारे चांगले. त्यात जे कमी पडते, कुजते, तुटते ते दुरित. आणि ते तुटते कसे? इच्छा वरच्या चांगल्याकडे पाठ फिरवून खालच्या चांगल्याकडे वळते म्हणून. ‘इच्छास्वातंत्र्याविषयी’ हा संवादग्रंथ त्याने ३८८ मध्ये सुरू केला आणि काही वर्षांनी पुरा केला. त्यात मित्र एवोदियस विचारतो, दुरिताचा कर्ता देव तर नाही ना? ऑगस्टीन जबाबदारी माणसाच्या इच्छेवर ठेवतो. ‘कबुलीजबाब’मध्ये सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीकडे तो पुन्हापुन्हा वळतो. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? केवळ चोरीच्या गोडीने. इच्छा कशी वाकते याचा शोध घ्यायला त्याला एवढी क्षुल्लक घटना पुरली, आणि हे त्याच्या विचाराचे खरे बळ आहे.

अर्थ लावण्याचे नियमही त्याने लिहून ठेवले. ‘ख्रिस्ती शिकवणीविषयी’ या ग्रंथात तो सांगतो की ज्या अर्थाने देवाविषयीचे आणि शेजाऱ्याविषयीचे प्रेम वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र कळलेच नाही. उत्पत्तीवरील भाष्यात त्याने आणखी एक इशारा दिला: आकाश आणि तारे यांविषयी बायबलचा हवाला देऊन चुकीचे बोलणारा ख्रिस्ती माणूस जाणत्यांपुढे आपल्याच धर्माचे हसे करतो. पंधराशे वर्षांनंतर हा इशारा जास्तच लागू पडला.

पुढे ऑगस्टीनच्याच शब्दांचा आधार घेऊन त्याच्याविरुद्ध एक जण उभा राहिला. ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस हा कडक शिस्तीचा शिक्षक होता. माणूस पापापुढे हतबल आहे असे म्हणणे ही त्याला आळशांची पळवाट वाटे. देव आज्ञा देतो याचा अर्थच असा की त्या पाळणे शक्य आहे. न्यायी देव अशक्य गोष्ट मागणार नाही. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, त्यापलीकडे त्याच्या चुकीचा आपल्या इच्छेवर परिणाम नाही. ऑगस्टीनचे उत्तर दिवसेंदिवस कठोर होत गेले: आदामात साऱ्या मानवजातीने पाप केले आहे, इच्छा आजारी आहे, आणि देवाच्या कृपेवाचून ती चांगल्याकडे वळूच शकत नाही. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसचे मत नाकारले.

या वादाच्या मुळाशी दोन शब्द होते. पौलाच्या ग्रीक वाक्यात मरण सर्वांपर्यंत पोचले, असे सांगून पुढे ‘एफ हो’ हे शब्द येतात, आणि मग सर्वांनी पाप केल्याचा उल्लेख. ग्रीक वाचकाला त्याचा साधा अर्थ ‘कारण’ असा लागतो: सर्वांनी पाप केले, म्हणून सर्वांना मरण आले. लॅटिन भाषांतरात तिथे ‘इन क्वो’ आले, आणि त्याचा अर्थ ‘ज्याच्यामध्ये’ असा घेता येतो. ज्याच्यामध्ये म्हणजे आदामामध्ये. ऑगस्टीनच्या आधीच्या एका अनामिक रोमन भाष्यकाराने हे वाचन केले होते. ऑगस्टीनने ते उचलले आणि त्यावर भार टाकला. पहिल्या वाचनात प्रत्येक जण आपल्या पापाचा धनी आहे. दुसऱ्यात प्रत्येक जण जन्माला येण्याआधीच आदामाच्या अपराधात सामील आहे; हाच आदिपापाचा सिद्धांत. याच तर्काने ऑगस्टीन बाप्तिस्म्याविना मेलेल्या तान्ह्या मुलांनाही दंड मिळतो, जरी तो सर्वांत सौम्य असला तरी, या निष्कर्षापर्यंत पोचला. एक्लानमचा बिशप जुलियन याने त्याला बजावले की नवजात बाळाला दोषी धरणारा देव न्यायी म्हणवत नाही. सिद्धांत जिंकला ऑगस्टीनचा, पण जुलियनच्या आक्षेपाचे समाधान ऑगस्टीनने केले असे म्हणता येत नाही.

ग्रीक भाषेत बायबल वाचणाऱ्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा सिद्धांत त्या रूपात कधीच रुजला नाही. तिथे आदामाकडून माणसाला मरणाधीनता आणि त्यातून येणारी दुर्बलता मिळते, असे शिकवतात. त्याचा अपराध मात्र वारशाने येत नाही. इच्छा दुबळी झाली आहे, पण कृपेशी सहकार्य करण्याइतकी स्वतंत्र आहे. एकाच शास्त्राचे दोन चर्च, आणि माणसाविषयीच्या दोन कल्पना.

मध्ययुगात शास्त्राचे चार अर्थ ठरून गेले. यरुशलेम म्हणजे इतिहासातले यहुद्यांचे शहर, रूपकाने चर्च, नैतिक अर्थाने माणसाचा जीव आणि अंतिम अर्थाने स्वर्गीय नगरी. थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) याने यात एक शिस्त आणली: वादात पुरावा म्हणून फक्त शब्दार्थच वापरावा. देवाच्या अस्तित्वाविरुद्ध ‘सुम्मा’ या आपल्या ग्रंथाच्या प्रसिद्ध प्रकरणात त्याने दोनच आक्षेप नोंदवले आहेत, आणि त्यांतला पहिला दुरिताचा आहे. इतक्या थोर श्रद्धावंताने हा आक्षेप अग्रभागी ठेवला, यातून त्या काळच्या विचाराचा प्रामाणिकपणा दिसतो.

सोळाव्या शतकात हाच वाद पुन्हा पेटला, आणि या वेळी वाचनाचा प्रश्न उघडपणे मध्यभागी आला. विद्वान इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. आपल्या टिपांमध्ये त्याने पौलाच्या त्या वाक्यातील दोन शब्दांचा अर्थ ‘ज्याच्यामध्ये’ असा घेण्याची गरज नाही, असे दाखवले आणि त्याबद्दल टीकाही ओढवून घेतली. १५२४ मध्ये त्याने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने एक निबंध लिहिला. त्याचा सूर संयमी होता. बायबलमध्ये काही जागा अंधुक आहेत, तिथे फार आत शिरू नये. पण असंख्य ठिकाणी देव माणसाला निवड करायला सांगतो, वळा म्हणतो, पश्चात्ताप करा म्हणतो. निवड शक्यच नसेल तर हे सारे व्यर्थ बोलणे ठरेल.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने डिसेंबर १५२५ मध्ये दिलेल्या उत्तराचे नावच ‘इच्छेच्या दास्याविषयी’ असे आहे. शास्त्र अंधुक नाही, ते स्वच्छ आहे. अंधार वाचणाऱ्याच्या मनात आहे, असे त्याचे म्हणणे. आज्ञा दिली म्हणजे पाळण्याची शक्ती आहे असे होत नाही. आज्ञा माणसाला त्याची असमर्थता दाखवण्यासाठी असते. इच्छा ओझ्याच्या जनावरासारखी आहे. देव स्वार झाला तर देवाकडे जाते, सैतान स्वार झाला तर सैतानाकडे, आणि स्वार निवडणे तिच्या हाती नाही. मग काहींना देव कृपा देतो आणि काहींना नाही, हे का? ल्यूथर इथे गुप्त देव आणि प्रकट देव असा भेद करतो: येशूत प्रकट झालेल्या देवाला धरून राहावे, त्याच्या गुप्त इच्छेत डोकावू नये. इरॅस्मस शास्त्र अंधुक मानून माणसाला मोकळा ठेवतो. ल्यूथर शास्त्र स्वच्छ मानतो आणि अंधार देवाच्या इच्छेत ठेवतो. दोघांनाही कुठेतरी अंधार मान्य करावाच लागला, ही या वादातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

रोमन कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत १५४६ मध्ये व्हल्गेट अधिकृत ठरवले, आदिपापाचा सिद्धांत ‘इन क्वो’ असलेल्या त्याच लॅटिन वाक्यासह पुन्हा मांडला, आणि १५४७ मध्ये इच्छास्वातंत्र्य दुबळे झाले असले तरी नष्ट झालेले नाही असे जाहीर केले. प्रॉटेस्टंटांत कॅल्व्हिनचे अनुयायी आणि आर्मिनियसचे अनुयायी याच मुद्द्यावर फुटले. १६१८–१९ च्या डॉर्ट सभेने आर्मिनियसच्या पक्षाला नाकारले. कॅथलिकांत डॉमिनिकन आणि जेझुइट यांचा कृपा व स्वातंत्र्य यांवरचा वाद इतका चिघळला की १६०७ मध्ये पोप पाचवा पॉल याने निर्णय न देताच तो थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली. त्याच जेझुइट संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त आदाम-हव्वेची कथा मराठी ओव्यांत सांगितली.

इच्छास्वातंत्र्याने नैतिक दुरिताचा उलगडा निदान अंशतः होतो. भूकंपाचा कसा करायचा? १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर हादरले. देवळे भाविकांनी भरली होती. ती कोसळली, मागून समुद्र आत आला, आणि पेटत्या मेणबत्त्यांनीही आगीला हातभार लावला. लायब्निझने १७१० मध्ये ‘थिओडिसी’ हा शब्द घडवून देवाच्या न्यायाचे समर्थन केले होते. लिस्बननंतर ते अनेकांना पोकळ वाटू लागले, आणि व्हॉल्टेअरने १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये त्यावर हल्ला चढवला. हा कोप लोकांच्या पापांचे फळ आहे असे सांगणारे धर्मोपदेशकही पुढे आले. खुद्द शुभवर्तमानांत मात्र या विचाराला आळा घातला आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे येशू सांगतो. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात, पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो.

ईयोबाचे पुस्तक तर याच मुद्द्यावर उभे आहे. नीतिमान ईयोबाची मुले, मालमत्ता आणि आरोग्य सारे जाते. मित्र येऊन समजावतात की तुझे काहीतरी चुकले असणार. ईयोब ते मानत नाही. तो देवाला जाब विचारतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, अशा धर्तीच्या प्रश्नांची सरबत्ती करतो, आणि रानातल्या प्राण्यांचे, माणसाला उपयोग नसलेल्या सृष्टीचे वर्णन करतो. मग तो मित्रांवर रागावतो: त्यांनी आपल्याविषयी ईयोबासारखे खरे सांगितले नाही, म्हणून. देवाची बाजू घेणारे चूक ठरले आणि तक्रार करणारा बरोबर ठरला. पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस या पुस्तकावर पस्तीस भागांचे भाष्य लिहिले आणि ईयोबात ख्रिस्त व चर्च पाहिले. त्यात भक्ती अपार आहे, पण ईयोबाचा संताप रूपकांखाली झाकला जातो. या पुस्तकापुरते तरी शब्दार्थाचे वाचनच अधिक धीट म्हटले पाहिजे.

जन्मांधाचा प्रश्न भारतात ख्रिस्ती धर्मापुढे नव्याने आला, आणि तो मांडला एका मराठी पंडिताने. काशीत वाढलेले चित्पावन नीळकंठशास्त्री गोरे यांनी जॉन म्यूर यांच्या संस्कृत ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती ग्रंथाला उत्तर म्हणून १८४४–४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. मागला जन्म नाकारला तर जन्मापासूनच्या दुःखाचे कारण काय, आणि ते अकारण असेल तर देव पक्षपाती ठरत नाही काय, हा त्यातला कळीचा आक्षेप होता. वेदान्ताने ईश्वरावरील वैषम्य (पक्षपात) आणि नैर्घृण्य (निर्दयता) या दोषांचे निवारण कर्माच्या आधारे फार पूर्वीच केले होते. ओरिगेनने त्याच अडचणीतून तशीच वाट काढू पाहिली होती. गोरे १८४८ मध्ये स्वतः ख्रिस्ती झाले आणि पुढे नेहेमाया गोरे म्हणून ओळखले गेले. धर्म बदलला तरी त्यांचा तो आक्षेप बिनतोडच राहिला, आणि भारतीय ख्रिस्ती विचाराला आजही त्याच्याशी झुंजावे लागते.

एकोणिसाव्या शतकात वाचनाची आणखी एक रीत बळावली. बायबलची पुस्तके कोणी, कधी, कोणत्या साहित्यप्रकारात लिहिली याची इतर प्राचीन ग्रंथांप्रमाणे तपासणी होऊ लागली. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांत निर्मितीचा क्रम वेगवेगळा आहे, मेसोपोटेमियाच्या कथांशी त्यांचे नाते आहे, हे दिसू लागले. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षे प्राणी मरत, रोगी पडत आणि एकमेकांना खात आले असतील, तर मरण आदामामुळे आले असे कसे म्हणावे? कॅथलिक चर्चने १९४३ मध्ये अभ्यासकांना साहित्यप्रकार ओळखून वाचण्यास प्रोत्साहन दिले. तरी १९५० मध्ये पोप बारावा पायस याने मानवजात अनेक मूळ जोडप्यांपासून आली हे मत आदिपापाशी कसे जुळेल ते दिसत नाही, असे नोंदवले. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६५ मध्ये लेखकाचा हेतू आणि त्याच्या काळची लेखनशैली शोधणे हे अर्थबोधाचे अंग ठरवले. उलट बाजूने, १९७८ मध्ये शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी बायबल सर्वांगी निर्दोष असल्याचे निवेदन काढले.

तत्त्वज्ञांचा वाद यालाच समांतर चालला. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये देव आणि दुरित ही विधाने एकत्र नांदूच शकत नाहीत असा दावा केला. १९७४ मध्ये अल्विन प्लँटिंगा यांनी उत्तर दिले: स्वतंत्र माणसे असलेले पण दुरित नसलेले जग घडवणे कदाचित सर्वशक्तिमान देवालाही शक्य नसेल, कारण स्वतंत्र माणूस काय करील हे त्या माणसावर अवलंबून असते. त्यामुळे विसंगती सिद्ध होत नाही, हे आज पुष्कळ नास्तिक तत्त्वज्ञही मान्य करतात. मात्र हा बचाव आहे, स्पष्टीकरण नव्हे. प्रत्यक्षात इतके दुःख कशासाठी, हे तो सांगत नाही. जॉन हिक यांनी १९६६ मध्ये इरेनीअसची विसरलेली वाट पुन्हा उघडली. अपुऱ्या, धोक्याच्या जगातच माणसाचा आत्मा घडतो, असे ते म्हणतात. तान्ह्या बाळाच्या मरणापुढे हा युक्तिवादही अडखळतो, म्हणून हिक यांना मृत्यूनंतरही ही घडण चालू राहते असे मानावे लागले. युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये समर्थनाचा प्रयत्नच बाजूला ठेवला आणि क्रुसावरच्या येशूत स्वतः दुःख भोगणाऱ्या देवाकडे लक्ष वेधले.

पौलाच्या वाक्यातील ते दोन शब्द या सर्व काळात वाचले जातच राहिले. मराठी बायबलसह बहुतेक आधुनिक भाषांतरे ग्रीकला अनुसरून तिथे ‘कारण’ हाच अर्थ घेतात. १९७९ मध्ये व्हॅटिकनने सुधारलेले लॅटिन बायबल प्रसिद्ध केले. त्यात ‘इन क्वो’ काढून त्या जागी ‘कारण’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आदिपापाचा सिद्धांत कायम आहे; पण त्याला पाप म्हणणे हे सादृश्याने आहे, ती माणसाने केलेली कृती नसून त्याला मिळालेली अवस्था आहे, असे तिथे म्हटले आहे.